आधी तिथी, मग ट्रायपॉड: मुंबईहून किनाऱ्यांची आणि बेटांची फोटोग्राफी

मोठ्या उधाणाच्या दिवशी मुंबईच्या समुद्राची पातळी सहा तासांत चार मीटरच्या आसपास वरखाली होते. सकाळी ज्या खडकावर ट्रायपॉड लावला, त्याच खडकावर दुपारी दोन पुरुष पाणी असतं. म्हणून इथे फोटोला निघताना पहिला प्रश्न "कुठे जायचं" हा नसून "त्या संध्याकाळी पाणी कुठे असेल" हा असतो. लेन्स, फिल्टर, जागा, परतीची वेळ हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

तिथीवरून भरती काढण्याचा हिशेब कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चाराने भागा. येतो तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही १५ धरायच्या, उत्तर सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, आणि मुंबईत तो बहुधा पुढे सरकतो: पौर्णिमेची भरती प्रत्यक्षात बाराच्या आसपास लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी अपोलो बंदरच्या भरतीच्या तक्त्यावरून मिनिटं आणि मीटर तपासून घ्या. पण महिनाभर आधी सुट्टी टाकायला, गाडी ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

या हिशेबाचा फोटोग्राफरला होणारा फायदा फार मोठा आहे. पौर्णिमा-अमावस्येला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे ओहोटी सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सुमारास. उधाणाची सगळ्यात खोल ओहोटी आणि सगळ्यात चांगला प्रकाश एकाच वेळी मिळतात. सगळ्याच किनाऱ्यांच्या नशिबी हा योग नसतो.

कोणत्या तिथीला काय काढायचं

खास संध्याकाळसाठी प्रतिपदा आणि द्वितीया सर्वात चांगल्या. पौर्णिमेला सूर्य मावळेपर्यंत पाणी पलटलेलं असू शकतं. प्रतिपदा-द्वितीयेला मात्र ओहोटी सात ते पावणेआठच्या दरम्यान पूर्ण होते, त्यामुळे हिवाळ्यात सहाच्या सूर्यास्ताला पाणी अजून उतरतच असतं. उधाणाचा जोरही पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनीच शिगेला पोचतो. वांद्र्याच्या बँडस्टँडचे काळे खडक, अलिबागची ओली आरशासारखी वाळू, तिथल्याच कुलाबा किल्ल्याकडची पायवाट, हे सगळं या दिवसांत.

चतुर्थी-पंचमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी अर्ध्यावर असतं आणि उतरत असतं. खडकांमधून मागे सरणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेषा हव्या असतील तर हेच दिवस निवडा. पूर्ण ओहोटीला बँडस्टँडवर पाणी इतकं लांब जातं की समोर नुसता खडक आणि अडकलेला कचरा उरतो.

सप्तमी-अष्टमीला भरती ऐन संध्याकाळी येते, पण ती भांगाची; उंची कमी, लाट शांत. हाजी अलीभोवतीचं पाणी, वरळी किल्ल्याकडून दिसणारा सी लिंक, मरीन ड्राइव्हचा कठडा अशा जागा तेव्हा जमतात, कारण तिथे ओहोटीला चिखल आणि प्लास्टिक उघडं पडतं.

एकादशी ते त्रयोदशी मात्र संध्याकाळी पाणी चढत असतं. फोटो काढता काढता मागची वाट बुडते ती याच दिवसांत. खालच्या खडकांवर उतरू नका. वरून, कठड्यावरून, टेकडीवरून काढा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरचं उधाण असेल तर तिसऱ्या तासात एकट्या तासाभरात एक मीटर. ओहोटीनंतरचा पहिला तास पाणी हललंच नाहीसं वाटतं, माणूस निवांत होतो, आणि दुसऱ्या तासाच्या शेवटी वाट गेलेली असते. त्यामुळे जिथे परत यायला सखल भाग ओलांडावा लागतो, तिथे ओहोटीच्या आधी दोन तास जायचं आणि ओहोटीच्या मिनिटाला परत फिरायचं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेला हा नियम काटेकोर पाळा.

सूर्य कुठे मावळतो

मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा वर्षभरात जवळजवळ ५० अंश सरकते: डिसेंबरात पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला, जूनमध्ये तेवढीच उत्तरेला. मरीन ड्राइव्हच्या मधल्या भागातून हिवाळ्यात सूर्य समुद्रात बुडतो आणि जूनमध्ये मलबार हिलच्या मागे जातो. एकाच जागेचे हे दोन वेगळे फोटो आहेत. सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप घ्या आणि जागा ठरवण्याआधी तारीख टाकून रेषा बघा.

इथे संधिप्रकाश लवकर सरतो. सूर्य बुडाल्यावर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आकाशात निळा रंग आणि दिव्यांचा उजेड यांचा तोल असतो. सी लिंक किंवा मरीन ड्राइव्हचे दिवे हवे असतील तर ट्रायपॉड, फ्रेम, फोकस सगळं सूर्यास्तापूर्वी लावून ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी शहरावर धुरकट थर असतो. सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच त्या थरात विरून जातो, तेव्हा घड्याळातल्या सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून काढायला लागा. मांडव्याच्या पलीकडे, काशीद-मुरूडकडे हवा बरीच स्वच्छ मिळते. पाऊस ओसरल्यावरचे, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस सगळ्यात देखणे: धूळ धुतलेली, ढग शिल्लक आणि डोंगर हिरवे.

जागा आणि तिथे पोचणं

बँडस्टँडला वांद्रे स्टेशनवरून बस किंवा रिक्षा. खडकाच्या खळग्यांत ओहोटीला पाणी साचतं. कॅमेरा पाण्यापासून हातभर उंचीवर आणला की त्यात आकाश दिसतं. भरतीची रेषा खडकावर स्पष्ट वाचता येते: वर कोरडा करडा भाग, मग काळा ओला पट्टा, त्याखाली हिरवं शेवाळ आणि कालवं. हिरव्या पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही. शेवाळावर कुठलाही बूट टिकत नाही, आणि हात टेकायला गेलात तर कालवांच्या कडा तळहात कापतात.

मढला वर्सोव्याहून तरीने आणि मनोरीला मार्वेहून तरीने जाता येतं. मनोरी-उत्तन पट्ट्यात बांबूच्या मांडवांवर सुकणारे बोंबील हा किनाऱ्याचा खरा चेहरा आहे. सकाळचा तिरपा उजेड मागून घेतला की एकेक बोंबील पारदर्शक दिसतो. तो कुणाच्या तरी रोजीरोटीचा माल आहे, तेव्हा मांडवात शिरण्याआधी तिथल्या मावशींना विचारा. पाणी, वारा, चिखल यांची त्या दिवसाची नेमकी खबरही त्यांच्याकडेच मिळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. पावसाळी आकाशाखाली त्या रांगा उत्तम दिसतात. मढजवळच्या आक्सा किनाऱ्यावर मात्र पाण्यात पाऊल नको. तिथल्या प्रवाहाने आणि सरकत्या वाळूने अनेकांचे जीव घेतले आहेत.

शिवडी पूर्वेकडे आहे, म्हणून सकाळी जा. २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू आणि त्याखालची दलदल एकाच फ्रेममध्ये येते. रोहित पक्षीही हवे असतील तर भरतीच्या आगेमागे जा, कारण चढतं पाणी त्यांना किनाऱ्याजवळ आणतं. दलदलीत उतरायचं नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की एकट्याने निघणं कठीण.

घारापुरीला गेटवेवरून बोटीने तासभर लागतो, सोमवारी लेणी बंद असतात. परतीच्या बोटी संध्याकाळीच संपतात, त्यामुळे बेटावरून सूर्यास्त मिळत नाही. त्याऐवजी पहिली बोट पकडा आणि खाडी बोटीतूनच काढा. बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी असतो, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. हातात धरून १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर ठेवा, कोपर कठड्याला टेकवू नका.

अलिबागसाठी गेटवे ते मांडवा बोट आणि पुढे बस. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रोत गाडी नेता येते, त्यामुळे सामान जास्त असेल तर तीच बरी. मुरूडला जंजिरा पाहायला सगळे राजपुरीहून शिडाच्या होडीने आत जातात, पण फोटो बाहेरूनच चांगला येतो. किल्ला राजपुरीच्या पश्चिमेला पाण्यात आहे, म्हणून संध्याकाळी रस्त्याच्या चढावर थांबून ७० ते २०० मिमीच्या लेन्सने त्याची काळी आकृती काढा. आत जायचं असेल तर सकाळी. जंजिरा, कुलाबा किल्ला आणि घारापुरी ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते, ऐनवेळी रखवालदाराशी वाद घालून उपयोग नाही.

हरिहरेश्वरच्या कड्याखाली लाटांनी कापलेला सपाट खडक आणि मधाच्या पोळ्यासारखी कोरलेली भिंत आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खडकाची पोत काढायला याहून चांगली जागा क्वचितच सापडेल. ती तितकीच घातकही आहे. मोठी लाट कड्यापर्यंत येते आणि मागे सरायला जागा नसते. इथे कॅमेरा काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं वरून बघत बसा. लाटा गटागटाने येतात, त्यामुळे पाच मिनिटांत दिसलेली सगळ्यात मोठी लाट ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी लाट नव्हे. खडक जिथपर्यंत ओला आहे त्याच्या वरच उभं राहायचं आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. निघण्यापूर्वी इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. त्यात उंचीबरोबर दोन लाटांमधला काळ दिलेला असतो. तो १३-१४ सेकंदांच्या वर असेल तर समुद्र शांत दिसत असला तरी लाट खडकावर फार वर चढते, खाली जाऊ नका.

लांबच्या बेटांसाठी गणित बदलतं. लक्षद्वीपला प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. तिथे बहुतेक बेटांचा उथळ निळा लगून पश्चिमेला असतो, म्हणजे सूर्यास्त शांत पाण्यावर मिळतो. ट्रायपॉड प्रवाळावर रोवू नका, फक्त वाळूवर. अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य खूप आधी येतो आणि जातो. हिवाळ्यात साडेपाचच्या आधीच अंधारायला लागतं, त्यामुळे मुंबईच्या सवयीने चार वाजता चहाला बसलात तर संध्याकाळ गेली.

ड्रोनचा बेत मुंबईत सोडूनच द्या. विमानतळ, नौदल आणि पोलिसांचे मनाई आदेश यांमुळे किनाऱ्याचा बहुतेक भाग वर्ज्य आहे. कोकणातही उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन तपासा. नौदलाच्या गोदीकडे, युद्धनौकांकडे कॅमेरा रोखू नका.

ट्रायपॉड आणि फिल्टर

पाण्यात किंवा ओल्या वाळूत उभं राहायचं असेल तर नेहमीच्या उलट करा: पायांचा सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा आणि वरचे आत ठेवा. त्यामुळे फिरवायचं लॉक पाण्याच्या वर राहतं. खारं पाणी आणि वाळू लॉकमध्ये शिरली की आठवड्याभरात ते करकरायला लागतं. मधला दांडा वर काढू नका. पाय वाळूवर ठेवून लगेच शटर दाबलं तर परतणारी लाट पायाखालची वाळू उपसते आणि ट्रायपॉड फोटो चालू असतानाच खचतो. मग खडक पुसट आणि कारण कळत नाही. पाय डावीकडे-उजवीकडे हलवत दहा-पंधरा सेंटिमीटर खोल रुतवा, एक-दोन लाटा जाऊ द्या, मग फ्रेम सरळ करा. दोन लाटांमध्ये क्षितिज पुन्हा तपासा. वाऱ्यात बॅग मधल्या हुकाला टांगायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, लटकती बॅग झुलते आणि ट्रायपॉडही हलवते.

एकच एनडी (उजेड अडवणारा काळसर) फिल्टर घ्यायचा असेल तर सहा स्टॉपचा घ्या; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. मोजलेलं शटर १/१५ सेकंद असेल तर त्याने ४ सेकंद होतं. दहा स्टॉपचा १/६० ला १६ सेकंदांवर नेतो. तो दुपारच्या उजेडात आणि गर्दी पुसायला कामाचा, पण आपल्याकडच्या झपाट्याने अंधारणाऱ्या संध्याकाळी पटकन जड होतो. स्वस्त एनडी फोटोला तपकिरी किंवा जांभळी झाक देतो, आणि ती कडेला व मध्ये वेगळी असते, म्हणून नंतर काढता येत नाही. पोलरायझर ओल्या खडकाची चकाकी घालवतो. दुपारी ते चांगलं. सूर्यास्ताला तीच चकाकी तुमचा रंग असते, तेव्हा तो काढून ठेवा. फार रुंद लेन्सवर तो आकाशात गडद पट्टा पाडतो, हेही लक्षात असू द्या.

शटरचा वेग पाण्याला काय करायला लावायचंय त्यावर. फुटणारी लाट थेंबांसकट हवी तर १/१००० सेकंद. मागे सरणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या तर अर्धा ते एक सेकंद, आणि शटर लाट येताना दाबायचं नाही: ती पूर्ण वर येऊन थांबते, मग उतरायला लागते, त्या क्षणी दाबायचं. येणाऱ्या लाटेचा नुसता पांढरा गोळा होतो. धुक्यासारखं पाणी हवं तर ३० सेकंद किंवा जास्त. पण काळ्या कातळाच्या किनाऱ्यावर, जिथे लाटेचा आकार सुंदर आहे तिथे, हे धुकं सगळा जोर काढून घेतं. सरसकट वापरू नका.

छिद्र एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, बारीक तपशील मऊ पडतो. आयएसओ १००. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) १६ मिमी आणि एफ/११ असेल तर ०.८ मीटरवर फोकस केल्यास अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं ठीक येतं. थोडा पुढे, एक-सव्वा मीटरवर ठेवला तर दूरचा किल्ला आणखी स्पष्ट. फोकस लावून झाला की मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात कॅमेरा पुन्हा शोधायला लागतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. सूर्यास्ताला साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, फसवतो: तो ठीक दिसत असताना लाल चॅनल आधीच उजवीकडे कापला गेलेला असतो आणि सूर्याभोवती केशरी ऐवजी सपाट पिवळा डाग येतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल कडेला टेकायच्या आत थांबा.

मोबाइलवाल्यांनी छोटा ट्रायपॉड आणि टायमर एवढं जरूर न्यावं. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडता येतं. अँड्रॉइडमध्ये प्रो मोडला अर्ध्या सेकंदापर्यंत शटर संध्याकाळी जमतं.

खारी हवा

एसी गाडीतून किंवा खोलीतून उतरून कॅमेरा लगेच बाहेर काढला की दमट हवेत थंड काचेवर वाफ धरते. पुसली तरी पुन्हा येते, आणि तोवर उजेड गेलेला असतो. पोचायच्या अर्धा-पाऊण तास आधी बॅग बंद ठेवूनच एसीबाहेर, डिकीत किंवा खिडकी उघडून ठेवा, म्हणजे काच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते.

लेन्सवर तुषार बसतातच. कोरड्या कापडाने घासलंत तर मिठाचे कण काचेवर ओढले जातात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. झिपच्या पिशवीत चार-पाच कापडं ठेवा, एक कापड दोन वेळेपेक्षा जास्त चालत नाही. दर काही फोटोंनंतर पडद्यावर आकाशाचा भाग मोठा करून डाग बघा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका; बदलायचीच असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, बॅगेच्या आत.

घरी आल्यावर त्याच रात्री ट्रायपॉडचे पाय सुटे करा, गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा, लॉकच्या आट्यांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, आणि आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावून जोडा. कॅमेऱ्याचं अंग ओलसर कापडाने पुसा, बटणांच्या फटी आणि पट्ट्याचे हुक विसरू नका. पट्टा वेगळा धुवा, त्यात मुरलेलं मीठ दमट दिवसांत पुन्हा ओल खेचतं.

ड्राय कॅबिनेट नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात साधा आर्द्रतामापक आणि रंग बदलणारं सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. ६० च्या वर राहिला तर जून ते सप्टेंबरात काचेवर बुरशीची जाळी धरू शकते, आणि ३० च्या खाली रबर व वंगण सुकतं. जेलचा रंग पालटला की ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, निवू द्या, परत डब्यात. पावसाळ्यात डबा जितक्यांदा उघडाल तितक्या लवकर हे करावं लागेल, म्हणून रोज लागणारी लेन्स वेगळ्या छोट्या डब्यात ठेवा.